अडीच सुती की आठ मिलिमीटर?

घरातल्या आणि शेतातल्या दुरुस्तीविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना टूलरूममधून निवृत्त झालेल्या एका फिटरची उत्तरं.

प्रश्न : आमच्या जुन्या कडबाकुट्टीच्या बिडाच्या फ्रेमचा एक बोल्ट पडून हरवला. शेजारच्या भोकातला काढून दुकानात नेला. दुकानदाराने जाडी मोजायचा व्हर्नियर लावला आणि ‘आठचा आहे’ म्हणून आठ मिलिमीटरचा दिला. घरी लावला तर दोन-तीन आटे हाताने जातो आणि अडतो. दुकानदार म्हणतो, पान्ह्याने आवळा, बसेल. आवळू का? – एक शेतकरी, इस्लामपूर

उत्तर : पान्हा आधी खाली ठेवा. बसेल हो, पण फ्रेमचे आटे खाऊन बसेल. बीड वाकत नाही, त्याचा भुगा होतो. आणि फ्रेम काही बाजारात मिळायची नाही.

तुमचा बोल्ट बहुधा अडीच सुती आहे, म्हणजे 5/16 इंच. आठ सूत म्हणजे एक इंच, हे जुने गवंडी-सुतार अजून बोलतातच. 5/16 इंच म्हणजे 7.94 मिलिमीटर. आता वापरून झिजलेल्या, गंजलेल्या बोल्टवर व्हर्नियर लावलात, तर आठचा आणि अडीच सुती एकच आकडा दाखवणार. दुकानदार खोटं बोलला नाही, त्याने फक्त जाडी मोजली. मोजायचे असतात आटे.

पट्टी घ्या आणि एका आट्याच्या टोकापासून पुढचे दहा आटे मोजा. आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टला ते अंतर साडेबारा मिलिमीटर भरतं. अडीच सुतीला इंचात अठरा आटे, म्हणून तेच अंतर चौदाच्या किंचित वर जातं. पट्टीवरच्या रेघा दिसत नसतील तर जुना आणि नवा बोल्ट उलटसुलट आडवे धरा, एकाचे आटे दुसऱ्याच्या खाचांत बसवा आणि उजेडाकडे करून बघा. जुळले तर शेवटपर्यंत दाताला दात बसतो. नाही जुळले तर तिसऱ्या-चौथ्या आट्यापासून मधून उजेड दिसायला लागतो. ही तपासणी पैसे द्यायच्या आधी, काउंटरवर उभं राहून करायची. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

दुकानात ‘अडीच सुती, अठरा आटे’ असं मागा. आट्यांच्या दोन पद्धती आहेत; इंग्लिश व्हिटवर्थ देतो की अमेरिकन यूएनसी, यावर तुमच्या कामापुरती घासाघीस नको. दातांचा कोन वेगळा आहे, 55 आणि 60 अंश, पण या मापात आट्यांची संख्या दोन्हींत अठराच. चार सुतीला मात्र सांभाळा, तिथे एकात बारा आणि दुसऱ्यात तेरा.

फ्रेमचे पहिले आटे जरा चेंगरले असतील तर अडीच सुतीचा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, हाताने फिरवून साफ करून घ्या. बिडात टॅप कोरडा चालतो. अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, आणि भुगा ब्रशने झाडा, तोंडाने फुंकू नका, डोळ्यांत जातो. कुट्टी मोटारीवर चालत असेल तर आधी वायर काढून ठेवा. तुमच्या गावात हे माप नाही मिळालं तर कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात जा. मुंबईकडचं कोणी येणार असेल तर नागदेवी स्ट्रीटवरून मागवा. नमुना मात्र पाठवा. फोनवरच्या फोटोत आटे मोजता येत नाहीत.

आणि एक, तुम्ही विचारलं नसलं तरी. पात्याचे बोल्ट कधी सुट्या ढिगातून उचलू नका.

प्रश्न : मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरचे बोल्ट गंजलेत. त्याच मापाचे चकचकीत स्टेनलेसचे ॲलन बोल्ट मिळतात. लावू का? – एक कॉलेजकुमार, नाशिक

उत्तर : नंबर प्लेटला लावा, आरशाला लावा, कॅलिपरला नको. जुन्या बोल्टच्या डोक्यावरचे आकडे वाचा. तिथे 8.8 असेल तर तो दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन ताणापर्यंत तुटत नाही, आणि 640 पर्यंत कायमचा लांबतही नाही. स्टेनलेसवर ए2-70 लिहिलेलं असलं तर हेच आकडे 700 आणि 450. काहीच लिहिलेलं नसलं तर मी तो टेबलफॅनलासुद्धा लावणार नाही. जुन्यावर 10.9 असेल, म्हणजे 8.8पेक्षाही मजबूत, तर प्रश्नच मिटला. गाडीच्या अधिकृत स्पेअर पार्टच्या दुकानातून पार्ट नंबर सांगून घ्या. चार पैसे जास्त जातील, जाऊ देत.

प्रश्न : समुद्राजवळ घर आहे. खिडक्यांच्या बिजागऱ्यांचे स्क्रू वर्षात गंजतात. ‘स्टेनलेस’ म्हणून आणलेलेही तांबडे पडले. – एक गृहिणी, मालवण

उत्तर : चुंबक लावून बघा. गच्च चिकटला तर ते मुलामा दिलेले साधे लोखंडी किंवा हलक्या जातीच्या स्टेनलेसचे आहेत. खऱ्या 304ला, म्हणजे नेहमीच्या चांगल्या स्टेनलेसला, तो चिकटत नाही किंवा जेमतेम धरतो. पण खारं वारं 304लाही डाग पाडतं, तुमच्याकडे त्याच्या वरच्या जातीचं 316च हवं. बोल्टवर त्याची खूण ए4 असते. बिजागरीला चपट्या डोक्याचा, म्हणजे दुकानाच्या भाषेत सीएसके, लागेल. त्याची लांबी डोक्यासकट धरतात. ‘पस्तीस-आठ’ म्हणजे 35 मिलिमीटर लांब, आठ नंबर जाड. भोक सैल झालं असेल तर फेव्हिकॉल लावलेली बांबूची काडी ठोका, वाळू द्या, मग स्क्रू. फाटकाला स्टेनलेसचा नट-बोल्ट लावणार असाल तर आट्यांना ग्रीस लावून हातानेच सावकाश आवळा. मशीनने जोरात फिरवला की नट आणि बोल्ट एकमेकांत असे अडकतात की कापूनच काढावे लागतात.

प्रश्न : टेबलफॅनच्या पात्यांचा पुढचा नट काही केल्या सुटत नाही. – पुणे

उत्तर : घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. त्याचे आटे उलटे असतात, सायकलच्या डाव्या पेडलचे असतात तसेच.

प्रश्न : आईच्या काळ्या शिलाई मशीनचा सुई धरणारा स्क्रू हरवला. हार्डवेअरवाला म्हणाला, भोक मोठं करून चार मिलिमीटरचे आटे पाडून देतो. – सोलापूर

उत्तर : पाडू देऊ नका. या मशीनचे आटे हार्डवेअरच्या दुकानात नसतातच. त्यांत 9/64 इंच जाड आणि इंचात चाळीस आटे अशी मापं असतात, मेट्रिकशी त्यांचा काही संबंध नाही. शिलाई मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानात मशीनचं नाव आणि मॉडेल सांगा, स्क्रू मिळेल. शक्य असेल तर सुईदांडीच घेऊन जा. तिथेच हाताने फिरवून बघा आणि दोन घ्या, हा स्क्रू परत हरवणारच.