क्रूस, मासा, मेणबत्ती ही जुनी ख्रिस्ती चिन्हं आजच्या रोजच्या जगण्यात वापरावीत का, की ती आता नुसते दागिने झालीत?

प्रश्नाखाली तुम्ही दोन ओळी लिहिल्यात. होणारी बायको मंगळसूत्रात क्रूस हवा म्हणते. घरातले वडीलधारे म्हणतात, क्रूस ही गळ्यात मिरवायची वस्तू नाही आणि मंगळसूत्र तर आपलं नाहीच. मी लिहितेय ते त्या दोन ओळींमुळे. ती म्हणते तसं करा.

मी मिरजेची. मिशनरी डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये इथं दवाखाना उभा केला, त्या दवाखान्याच्या आसऱ्यानं जी ख्रिस्ती घरं वाढली त्यातलं आमचं एक. वळण प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटांतला एक पंथ. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पुतळे नाहीत, संतांच्या तसबिरी नाहीत, क्रूस आहे तोही रिकामा, कारण प्रभू उठला आहे. त्यामुळे लहानपणी आमच्या वाट्याला चिन्हं थोडीच आली. नाताळात दारावर टांगलेली चांदणी, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी हातात धरलेली झावळी, आणि आईच्या गळ्यातले काळे मणी. त्यात दोन वाट्यांच्या जागी सोन्याचा छोटा क्रूस. तो सांगलीच्या सराफ कट्ट्यावरच्या सोनारानं केला होता. सोनार हिंदू, पण 'ख्रिस्ती मंगळसूत्र' म्हटलं की त्याला पुढचं सांगावं लागत नसे. लग्नात पाळकसाहेबांनी अंगठीवर आणि मंगळसूत्रावर, दोन्हींवर प्रार्थना केली होती. आई नर्स होती. ड्यूटीवर क्रूस पदराखाली असायचा, आणि वॉर्डात एखादं माणूस गेलं की तिचा हात तिथं जायचा.

माझे धाकटे काका मधल्या काळात दुसऱ्या एका मंडळीत जाऊ लागले. तिथून ते एक नवीन वाक्य घेऊन आले : काळे मणी ही अन्यजातींची, म्हणजे ख्रिस्ती नसलेल्यांची, चाल आहे. सोबत पेत्राचं पहिलं पत्र, 3:3, तोंडपाठ : बायकांची शोभा सोन्याच्या दागिन्यांची, बाहेरची नसावी. काकूंच्या गळ्यातलं मंगळसूत्र गेलं, बांगड्या गेल्या, गजरा गेला. काकूंना कुणी विचारलं नाही. काकांच्या बोटातली सोन्याची अंगठी मात्र राहिली, आणि तिच्याविषयी पेत्राला काय वाटतं याची चर्चा आमच्या घरात कधी झाली नाही. दर सणाला ते आईला ऐकवायचे, "वैनी, देवाला हे आवडत नाही." आई ताट वाढत राहायची.

मग पप्पा गेले. कबरस्तानातून परत आलो, घरात मंडळीतली माणसं बसलेली, गल्लीतल्या बायका आलेल्या. एकीनंही आईच्या गळ्याकडे बोट दाखवलं नाही. बोलले ते काका. "वैनी, आता ते काढून ठेवा. बरं दिसत नाही."

इतकी वर्षं ज्यांनी मंगळसूत्र ही आपली रीतच नाही म्हणून सांगितलं, तेच आता रीत म्हणून ते काढायला सांगत होते! मला बोलायचं होतं, पण आईच बोलली. "भावजी, मणी ह्यांच्या नावाचे होते म्हणा. क्रूस ह्यांचा नव्हता." काकांनी रोमकरांस पत्र काढलं, 7:2, नवरा मेला की बायको त्याच्या नियमातून मोकळी होते. आई म्हणाली, "मोकळी झाले ना? मग काय घालायचं ते मी ठरवते." तिनं ते शेवटपर्यंत घातलं. काका कितीतरी दिवस आमच्या घरी जेवले नाहीत.

2022 च्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं तोच कित्ता गिरवा म्हणून सगळ्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं. पेपरात वाचून आमच्यातले पुष्कळजण म्हणाले, चांगलं झालं, त्यांच्यात सुधारणा होतेय. त्यांच्यात! आपल्या घरात हे होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या मंडळीतल्या विधवांचे गळे आणि हात एकदा बघावेत. चिन्हांवरचा वाद आपल्याकडे नेहमी बाईच्या अंगावर येऊन संपतो. घालायचं तिनं, काढायचं तिनं, आणि वचनं काढणार पुरुष.

आता वडीलधारे 'मूळ ख्रिस्ती' असं काही म्हणत असतील तर त्याविषयी. रोमच्या भुयारी दफनभूमींत पहिल्या ख्रिस्ती लोकांनी नांगर, मासा, कबुतर, खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ अशी चित्रं काढली. क्रूस तिथं फारसा सापडत नाही, कारण तेव्हा माणसांना खरोखर त्यावर टांगत होते. तो उघडपणे मिरवू लागला चौथ्या शतकात, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननंतर. क्रूसावरचा ख्रिस्त दाखवणाऱ्या सगळ्यांत जुन्या कामांपैकी एक म्हणजे रोममधल्या सांता सबिना चर्चचा लाकडी दरवाजा, तो पाचव्या शतकातला. आणि तो मेंढपाळ? खांद्यावर जनावर घेतलेला माणूस ग्रीक-रोमन कलेत ख्रिस्ती लोकांच्या कितीतरी आधीपासून होता. त्यांनी तो उचलला आणि आपला केला. लग्नाची अंगठीसुद्धा रोमन लोकांचीच. मग काळ्या मण्यांनीच काय पाप केलं? जत-आटपाडीच्या रस्त्यावर नुकतंच जन्मलेलं कोकरू खांद्यावर टाकून चाललेला धनगर दिसला की मला 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे तेविसावं स्तोत्र आठवतं, ते शिकवायला कुणी रोमहून यावं लागलं नाही.

साताऱ्यात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये 'देवाचा दरबार' सुरू केला तो याच ओढीनं. ख्रिस्त आपल्या मातीतल्या भक्तीनं भेटावा, अभंगातून, भजनातून, आणि बाप्तिस्मा न झालेल्यालाही दारात जागा असावी. शंभरावर वर्षं झाली. आपण अजून मण्यांवरून भांडतोय.

मेणबत्तीचं थोडक्यात. 'ते कॅथलिकांचं' म्हणणाऱ्यांना सांगा, आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, मेणबत्त्यांचं चक्र लावायची पद्धत 1839 मध्ये हॅम्बुर्गच्या योहान विखर्न या प्रोटेस्टंट धर्मशिक्षकानं पाडली. त्याच्या आश्रमातली गरीब पोरं नाताळ कधी येणार म्हणून सारखी विचारायची, म्हणून त्यानं गाडीचं जुनं चाक घेऊन त्यावर रोज एक मेणबत्ती लावली. लावायची असेल तर लावा. माशाबद्दल माझं काही म्हणणं नाही, गाडीच्या मागच्या काचेवर चिकटवलात तरी चालेल.

काही गोष्टी मात्र सांगायला हव्यात. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याला मंगळसूत्र लागत नाही, तेव्हा उद्या तिचाच विचार बदलला तर तिच्यावर ते लादू नका. वसईचा कॅथलिक माणूस तुम्हाला वेगळं उत्तर देईल, ते त्याच्या जागी बरोबर असेल. आणि घरात खरोखर हळव्या मनाची आजी असेल, जिनं स्वतः सगळं सोडून बाप्तिस्मा घेतला आणि जिला काळे मणी पाहून ते जुने दिवस आठवतात, तर करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय वाचा, दुबळ्या मनाच्या माणसासाठी आपली मोकळीक आवरण्याविषयीचा, आणि नुसत्या सोन्याच्या साखळीत क्रूस करा. माझा राग आजीवर नाही. जे स्वतःचं काहीच न काढता दुसऱ्याचं काढायला सांगतात, त्यांच्यावर आहे. काका अजून आहेत. हे वाचलंच त्यांनी तर वाचू देत.

क्रूस पोकळ घेऊ नका, चेपतो. भरीव करून घ्या, थोडा लहान झाला तरी चालेल, आणि वरची कडी सोनाराकडून पक्की झाळून घ्या. आणि लग्नाच्या आधी, सगळे वडीलधारे बसलेले असताना, तुम्ही स्वतः तोंड उघडून सांगा की माझ्यानंतरही हिच्या गळ्यातल्याला कुणी हात लावायचा नाही. तेव्हा कोण गप्प राहतं आणि कोण वचन शोधायला लागतं ते दोघांनी नीट बघून ठेवा.