आरोग्य विमा पहिल्यांदाच घेताय? आधी घरची तयारी करा

तुलना करणाऱ्या साइट तूर्त बंद ठेवा. कंपनी नंतर, आधी घरच्यांची माहिती जमवा: प्रत्येकाचं वय, उंची-वजन, चालू गोळ्या, जुनी डिस्चार्ज कार्डं. आधार, पॅन आणि जन्मदाखल्यावरची नावं जुळतात का, तेही बघा. आपल्याकडे दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, हे सर्रास असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आजार लपवणं. 'शुगर थोडीशीच आहे, नको लिहूया' असं एजंट म्हणाला, तर एजंट बदला. फॉर्मवर सही तुमची असते, आणि क्लेम नाकारला गेला की तो फोन उचलत नाही. बीपी, थायरॉईड, तंबाखू, सगळं लिहा. प्रीमियम वाढेल, वाढू दे. आधीपासूनच्या आजारांचा खर्च मिळायला 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणूनच ठणठणीत असताना अर्ज करा.

'दीनदयाळ कार्ड आहे, पुरे की!' हेही नेहमी ऐकतो. गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचं हे कार्ड ठेवाच, दरवर्षी नूतनीकरण करा. पण त्याची मर्यादा तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, मोठ्या कुटुंबाला चार लाख, तीही ठरलेल्या उपचारांपुरती.

आणखी दोन गोष्टी:
- आईवडिलांची पॉलिसी वेगळी काढा. एकत्र घेतली की प्रीमियम सर्वांत मोठ्या वयावर ठरतो.
- मडगाव, म्हापसा, पणजी, जिथे तुम्ही खरोखर जाता ते हॉस्पिटल कॅशलेस यादीत (जिथे बिल कंपनी थेट भरते) आहे का, तिथेच फोन करून विचारा.

पॉलिसी हातात आल्यावर 30 दिवसांत परत करता येते. तेवढ्यात एकदा पूर्ण वाचा. रायडर, टॉप-अप वगैरे जादा संरक्षणाचं पुढच्या वर्षी बघू.