वाचक विचारतात : मोडीतला पानडबा अन् त्यातली अकरा नाणी

प्रश्न : आठवडी बाजारात मोडवाल्याच्या ढिगातून ३५० रुपयांत पितळेचा पानडबा घेतला. घरी आणून धुवाले बसलो त आतली ताटली हलत होती, खाली लुगड्याच्या चिंधीत ११ नाणी निघाली. नऊ चांदीचे कलदार रुपये, त्यात तीन १८६२ चे, बाकी १९०७, १९११, १९१९ असे, अन् शेवटचे १९४० चे दोन. दोन तांब्याची, पार काळी, त्यावर देवनागरीत 'शिव' वाचता येते. मोबाईलवर त एकेकाचे लाख लाख सांगून राहिले. आधी चिंच लावून चमकवू का? अन् मोडवाल्याले सांगा लागते का? — एक वाचक, ता. दर्यापूर

उत्तर : थांबा भाऊ, चिंच आमटीत टाका, नाण्याला नको. पितांबरी नको, राख नको, टूथपेस्ट तर अजिबात नको. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आजीच्या पेटीत १८४० चा एक राणीछाप होता, तो मी आठवीत असताना दिवाळीच्या भांड्यांसोबत राखेनं घासून घासून आरशासारखा करून ठेवला, आजी खूश, मी तर लईच खूश. वीसेक वर्षांनी नागपुरात नाण्यांच्या प्रदर्शनात एका जाणत्या माणसासमोर धरला तर त्यानं हातातही घेतला नाही, लांबूनच म्हणाला, "घासला का हो?" काळपट थर हीच नाण्याची कातडी असते, ती गेली की उरते फक्त चांदी. तुम्ही साध्या पाण्यानं माती काढा, सुती कापडावर वाळू द्या, कडेनं धरा, एकेक वेगळ्या कागदाच्या पुडीत ठेवा. झालं.

आता किमतीचं. जुनं म्हणजे महाग, हा गैरसमज डोक्यातून काढा. १८६२ हे साल पुढं दहा-बारा वर्षं तसंच छापत राहिले, त्यामुळं ते रुपये ढिगानं आहेत, १९०७ अन् १९१९ चेही तसेच. एक तोळा वजन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, अन् त्यात जवळपास ९२ टक्के चांदी. गावच्या सोनाराच्या काट्यावर एकदा ठेवून बघा, ग्रॅमभर फरक दिसला तर संशय घ्या. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच आहे, तेव्हा ते दोन वेगळे काढा, नाहीतर सोनार सगळ्यांना एकाच मापानं मोजेल अन् ते नुकसान तुमचंच.

पण तुमच्या पत्रात १९११ वाचलं अन् मी खुर्चीत नीट बसलो. पंचम जॉर्जच्या त्या रुपयावर राजाच्या झग्यावर एक हत्ती कोरलाय, आता तो हत्ती इतका बारका अन् सोंड इतकी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला. बोंबाबोंब झाली, बाहेर गेले ते गेले, उरलेले बहुतेक सरकारनं वितळवले अन् १९१२ पासून हत्ती नीट कोरला. म्हणून हा इतरांपेक्षा कमी सापडतो. भिंग घेऊन खांद्याखालचा तो प्राणी बघा, मजा येईल. लाखाचं नाव मात्र घेऊ नका. अन् नाण्याला हमेलीसाठी, म्हणजे गळ्यातल्या नाण्यांच्या माळेसाठी, कडी डाकलेली असेल तर गोळा करणारे लोक तोंड फिरवतात, आपल्याकडं निम्म्या नाण्यांचं हेच झालंय.

तांब्याच्या दोन बहुधा शिवराया. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडं 'छत्र पति'. लगेच शिवाजी महाराजांच्या हातची म्हणू नका, कारण महाराजांनंतर पेशवाईतही हाच मजकूर ठेवून शिवराई पाडत राहिले, अन् बाजारात आज दिसते ती जास्त करून ह्या नंतरच्या काळातली, मजकुराच्या मधे दोन रेघा असलेली 'दुदांडी' वगैरे. जुनी कोणती हे अक्षराच्या वळणावरून अन् वजनावरून कळतं, त्याला सरावाचा डोळा लागतो. नागपूरला गेलात तर अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, जुनी नाणी बघून या, डोळा तयार होतो.

मोडवाल्याचं म्हणाल तर डबा तुम्ही विकत घेतला, त्यातलं जमिनीत पुरलेलं नव्हतं, तेव्हा हे गुप्तधन नव्हे. पण चिंधी लुगड्याची आहे, म्हणजे कोण्या तरी म्हातारीनं लेकी-सुनांपासून लपवून ठेवलेली पुंजी असणार ना. मी असतो तर पुढच्या बाजारी मोडवाल्याला 'हा माल कोणत्या गावचा' एवढं विचारलं असतं. पुढं काय करायचं ते तुमच्या मनावर.

प्रश्न : माझ्याकडं ट्रॅक्टरवाली पाचची नोट अन् वैष्णोदेवीचं नाणं हाय. एकानं फोनवर दोन्हीचे ११ लाख कबूल केले, फक्त २१०० रुपये फाईल चार्ज आधी मागते, रिझर्व्ह बँकेचं पत्रही पाठवलं. भरू का? — एक ताई, जि. यवतमाळ

उत्तर : नका भरू. ज्याला ११ लाख द्यायचेत त्यानं २१०० कापून घ्यावेत की! रिझर्व्ह बँक असल्या व्यवहारात नसते अन् कमिशन, टॅक्स काहीच मागत नाही, हे बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय. ओटीपी दिला असेल तर १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या नंबरला आत्ताच फोन लावा.

प्रश्न : शेताची नांगरणी करताना फुटकं मडकं अन् त्यात हिरवी पडलेली बारकी नाणी लागली. गडी म्हणते वाटून घेऊ, कोणाले सांगू नका. — एक शेतकरी, जि. वाशीम

उत्तर : दादा, इथं प्रकरण वेगळं. जमिनीतून निघालेलं अन् १० रुपयांच्या वर किमतीचं काहीही असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणं कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, लपवलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं तर सापडणाऱ्याचा वाटा त्याच कायद्यात आहे, हे गड्याला सांगा, तो बोलायचा थांबेल. अन् तुमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण देतो, मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, काही राजांची नावं त्याच्यामुळं पक्की झाली. वाटून घेतली असती तर सोनाराच्या मुशीत गेली असती. मडक्याचे तुकडेही फेकू नका, अन् ती जागा परत नांगरू नका, फोटो काढून तलाठ्याला दाखवा.

प्रश्न : पाव्हण्याकडं १८१८ चं हनुमानाचं नाणं हाय, ते तांदूळ ओढते. पार्टी कोटीत घेते, टेस्टिंगले ५० हजार लागते म्हणे. — नाव नको, जि. चंद्रपूर

उत्तर : ईस्ट इंडिया कंपनीनं राम-हनुमानाचा आणा कधी पाडलाच नाही, तो सगळा अलीकडचा ओतीव माल, जत्रेत मिळतो. तांदळाला लोखंडाचा कीस चोळलेला असतो अन् चुंबक लपवलेलं. पाव्हण्याला दुखवायचं नसेल तर एक करा, पुढच्या वेळी आपल्या घरचे मूठभर तांदूळ खिशात घालून जा.