कवळी की इम्प्लांट : दातांसाठी पोस्टातील ठेव मोडावी का?

आदरणीय गुरुजी, सप्रेम नमस्कार.

अंबाजोगाईहून आलेले आपले पत्र मी दोनदा वाचले. वय ६६, दरमहा ३१,००० रुपये निवृत्तिवेतन, २८,००० रुपये घरखर्च, जून २०२३ मध्ये पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेले १५ लाख आणि बँकेतील २,४०,००० रुपयांची मुदत ठेव, असा आपला जमाखर्च आहे. सर्व दात काढून झाले आहेत. दोन्ही जबड्यांत इम्प्लांटच्या, म्हणजे हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या खुंट्यांच्या, आधाराने पक्के दात बसवण्याचा खर्च डॉक्टरांनी ५,६०,००० रुपये सांगितला असून कवळ्यांच्या जोडीचा २८,००० रुपये सांगितला आहे. पक्क्या दातांसाठी पोस्टातील ठेव मोडावी का, असे आपण विचारले आहे. भाकरी वरणात कुस्करून खावी लागते आणि लग्नकार्यात पंगतीला बसणे टाळतो, हे आपण पत्राच्या अगदी शेवटी, संकोचाने लिहिले आहे. तो संकोच कृपया ठेवू नका. नीट चावून जेवता यावे यासाठी केलेल्या खर्चाला मी चैन मानत नाही.

तरीही ठेव मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या योजनेतून थोडी रक्कम काढता येत नाही, खातेच बंद करावे लागते, आणि दोन वर्षे उलटून गेली असल्यामुळे मुद्दलातून एक टक्का, म्हणजे १५,००० रुपये, कापले जातील. दातांचा खर्च वजा जाता उरलेले ९,२५,००० रुपये पुन्हा ८.२ टक्क्यांनीच गुंतवले असे धरले, तरी आज वर्षाला मिळणारे १,२३,००० रुपयांचे व्याज ७५,८५० रुपयांवर येईल. दरमहा सुमारे ३,९०० रुपयांची ही घट पुढे कायम राहील. आपल्या पश्चात काकूंना मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन आपल्या निवृत्तिवेतनापेक्षा कमी असेल आणि तेव्हा याच व्याजावर त्यांची भिस्त राहील, हा विचार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आपल्या पत्रात नसलेला एक मधला मार्ग मात्र आहे. वरची कवळी टाळूला चिकटून बहुधा चांगली बसते. खरा त्रास खालच्या कवळीचा असतो, कारण तिला धरून राहायला जागा कमी असते आणि जीभ तिला सतत हलवत राहते. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट बसवून त्यांवर टिचबटणासारखी अडकणारी, रात्री काढून ठेवता येणारी कवळी करता येते. दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा, असे मत २००२ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी मांडले होते. आपल्या डॉक्टरांनी एका इम्प्लांटचे ३०,००० रुपये सांगितले आहेत. दोन इम्प्लांट, त्यांची बटणे आणि कवळ्यांची जोडी धरून एकूण खर्च लाखाच्या आसपास जाईल.

हा खर्च एकदम करण्याचीही गरज नाही. आधी साध्या कवळ्या करून घ्याव्यात आणि तीन-चार महिने वापरून पाहाव्यात, कारण चांगली बनलेली खालची कवळी पुढे इम्प्लांटवर बसवून घेता येते आणि पहिला खर्च वाया जात नाही. पोस्टाचे तिमाही व्याज ३०,७५० रुपये होते आणि आपण ते तसेच शिल्लक टाकता. दोन तिमाहींच्या व्याजात दोन्ही इम्प्लांटचे पैसे निघतात. शेतातल्या सोयाबीनच्या पिकातून येणाऱ्या पैशांच्या भरवशावर हे काम ठेवू नका. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने आपल्या भागाचे काय झाले, ते आपण पाहिलेच आहे. मात्र निर्णय वर्षाच्या आत घ्यावा, कारण दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते, खालचे अधिक झिजते, आणि उशीर फार झाला तर हाड भरण्याचा खर्च वाढू शकतो.

आपल्याला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे आणि तंबाखू अजून सुटलेली नाही, हे वाचून मला काळजी वाटली. इम्प्लांटचे टायटॅनियम हाडाशी एकजीव व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. साखर आटोक्यात नसेल आणि तंबाखू चालू असेल, तर ते न जुळण्याचा धोका वाढतो. तेव्हा तंबाखू सोडणे हीच या खर्चाची पहिली तयारी समजावी. डॉक्टरांकडे जाताना तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी. हाडांच्या ठिसूळपणावर काही औषध घेत असल्यास ते आवर्जून सांगावे.

अंदाजपत्रक लेखी घ्यावे. स्कॅन, हाड भरणे, बटणे आणि त्यांतील झिजणाऱ्या रबरी कड्या बदलण्याचा पुढचा खर्च त्यात आहे का, ते पाहावे आणि इम्प्लांटच्या कंपनीचे नाव व क्रमांक असलेले कार्ड मागून घ्यावे. दुसरे मत घ्यायला लातूरला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जाता येईल. अशा ठिकाणी अध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी काम करतात, फेऱ्या जास्त होतात, पण खर्च बराच कमी येतो.

चिरंजीवांनी सुचवलेल्या बिनव्याजी हप्त्यांबाबत एवढेच, की रोख दिल्यास किती सूट मिळेल आणि प्रक्रिया शुल्क किती आहे, हे दोन्ही आधी विचारावे. सर्वसाधारण आरोग्य विम्यात इम्प्लांटचा खर्च बहुधा धरला जात नाही, त्यामुळे केवळ यासाठी नवी पॉलिसी घेऊ नये. आपल्या उत्पन्नावर आज आयकर लागत नाही, म्हणून करसवलतीचाही येथे उपयोग नाही.

पोस्टातील खात्याची मुदत जून २०२८ मध्ये संपते. तोवर अडकवण्याच्या कवळीने आपले समाधान झाले नाही, तर पक्क्या दातांचा विचार तेव्हा करता येईल, आणि त्या वेळी मुदतीआधी खाते बंद केल्याने कापले जाणारे १५,००० रुपयेही वाचलेले असतील.