दक्षिण युरोपात फिरताना फारशी माहीत नसलेली ठिकाणं आणि तिथल्या प्रथा कशा शोधाव्यात?

रोम, बार्सिलोना, सांतोरिनी झाल्यावर पुढे काय, आणि ते सापडतं कसं, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर ठिकाणांच्या याद्या वाचणं आधी बंद करा. ‘कुणालाच माहीत नसलेली दहा गावं’ अशा याद्यांमधल्या गावांत आता गाडी लावायला जागा मिळत नाही. त्यापेक्षा त्या भागात पिकणारी किंवा बनणारी एखादी वस्तू धरा आणि तिच्या मागे जा. ती कुठे निघते, कोण काढतं, कुठल्या महिन्यात काढतात, हे विचारत गेलात की गावं वाटेत येतातच, शिवाय माणसं कामात असताना भेटतात.

मी ग्रीसमधल्या खिओस बेटावर असाच फिरलो. वस्तू होती मस्तकी. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात ‘रुमी मस्तकी’ म्हणून जे डिंकाचे पिवळसर खडे मिळतात, तीच. हा डिंक ज्यातून निघतो ते झुडूप भूमध्य समुद्राच्या काठाने बऱ्याच ठिकाणी वाढतं, पण डिंकाचं खरं उत्पादन या एका बेटाच्या दक्षिण भागातल्या गावांतच होतं. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून सपाट करतात आणि तिच्यावर पांढरी भुकटी पसरतात, म्हणजे पडलेला थेंब मातीत माखत नाही. मग खोडावर बारीक बारीक चिरा देतात. चीक ठिबकतो, वाळून खडा होतो, तो वेचायचा. पण खरं चिकाटीचं काम त्यानंतरचं. थंडीच्या दिवसांत गावातल्या बायका एकत्र बसून प्रत्येक खडा छोट्या सुरीच्या टोकाने खरवडून साफ करतात. खड्याला चिकटलेला कचऱ्याचा कणसुद्धा सोडत नाहीत, आणि गप्पा मात्र अखंड चालू.

या मस्तकीपायीच तिथली गावं तशी बांधली गेली. 1346 ते 1566 बेट इटलीतल्या जिनोआ शहराच्या लोकांच्या ताब्यात होतं. माल असा मोलाचा आणि समुद्रात चाचे, म्हणून मेस्ता गावाची बाहेरची घरं एकमेकांना खेटून उभी केली, त्यांच्या पाठीच गावाची तटबंदी झाल्या. आत बोळ इतके वळतात की नकाशा खिशात ठेवलेला बरा. पिर्गी गावात घरांच्या दर्शनी भिंतींवर काळ्या-पांढऱ्या त्रिकोण-चौकोनांची नक्षी असते. काळसर वाळूचा गिलावा, त्यावर चुन्याचा पांढरा हात, आणि तो ओला असतानाच वरचा पांढरा थर खरवडून काढायचा. त्यासाठी काटे-चमचे असतात ना, त्यातला काटा वापरतात! उन्हाळ्याच्या शेवटी त्याच घरांच्या सज्ज्यांना बारक्या टोमॅटोंच्या लाल माळा वाळत टांगलेल्या असतात.

गावात पोचायची वेळ सांभाळा. दुपारी दोन ते साडेपाच चिटपाखरू दिसत नाही. सकाळी जा किंवा उन्हं कलल्यावर, आणि चौकातल्या कॉफीच्या दुकानात बसा. तिथे म्हातारे सोंगट्यांचा डाव मांडून बसलेले असतात. मस्तकीबद्दल एक प्रश्न विचारला की तिघे उत्तर देतात आणि तिघांचं उत्तर वेगळं असतं.

दुसरी गोष्ट, ‘पानियिरी’ चुकवू नका. आपल्या ग्रामदैवताच्या जत्रेसारखाच प्रकार: गावाच्या संताचा दिवस, आधी चर्चमध्ये प्रार्थना, मग चौकात जेवण आणि मध्यरात्र उलटेपर्यंत नाच. 15 ऑगस्टला मेरीमातेचा सण सगळ्या ग्रीसभर असतो, त्यामुळे त्या आठवड्यात खोली आणि बोटीचं तिकीट आधीच काढा. खिओसवरच व्रोन्तादोस गावात ईस्टरच्या रात्री दोन चर्चच्या लोकांनी एकमेकांच्या चर्चवर अग्निबाण सोडायची प्रथाही प्रसिद्ध आहे. पण त्या एका रात्रीसाठी अख्खा प्रवास आखण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

हीच रीत पोर्तुगालच्या अलेंतेजो भागात लावा, तिथली वस्तू म्हणजे बाटल्यांची बुचं ज्यापासून बनतात ती ओकच्या झाडाची साल. उन्हाळ्यात कुऱ्हाडीने ती सोलतात, आतलं खोड तांबूस दिसतं, आणि त्यावर रंगाने सोललेल्या वर्षाचा शेवटचा आकडा लिहितात. साल पुन्हा नऊ वर्षांनी काढतात. 4 असेल तर झाड 2024 मध्ये सोललंय, म्हणजे 2033 च्या आधी कुणी हात लावणार नाही. तिथल्या एव्होरा शहरात मुक्काम ठेवला की हे रान जवळच आहे.

वस्तू कशी निवडायची? युनेस्कोची अमूर्त वारशाची, म्हणजे प्रथा, कला, कारागिरी यांची यादी नेटवर फुकट आहे, देशानुसार शोधता येते. खिओसची मस्तकी 2014 साली त्या यादीत आली. अलेंतेजोतलं वाद्यांशिवाय गायचं समूहगायनही त्याच वर्षी, आणि तिथेच बनणाऱ्या गुरांच्या घंटा 2015 साली.

खिओसला अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून रात्रीची बोट मिळते. गावांकडे बस मोजक्याच, म्हणून गाडी भाड्याने घ्या आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढून ठेवा. चिरा देणं आणि वेचणं बघायचं असेल तर जुलै ते सप्टेंबर. फक्त गावं बघायची असतील तर मे महिना, ऊनही कमी आणि खोल्याही स्वस्त.