क्लिनिकल रिसर्चचा पीजी डिप्लोमा: फी भरण्याआधी काय बघावं

प्रश्न असा आहे: एक बी.एस्सी. नर्सिंग, एक बी.फार्म., एक बीएएमएस, तिघेही अंबाजोगाई-परळी भागातले आणि नोकरीत. पुण्यातली एक संस्था क्लिनिकल रिसर्चचा, म्हणजे माणसांवरच्या औषधचाचण्यांच्या कामाचा, वर्षभराचा ऑनलाइन पीजी डिप्लोमा 'शंभर टक्के प्लेसमेंट'सह देतेय. घ्यावा का?

आधी सविस्तर अभ्यासक्रम मागवा. भारतीय कायद्याच्या भागात अजून औषधचाचण्यांचा जुना 'शेड्यूल वाय' हाच चालू नियम म्हणून शिकवत असतील तर पैसे देऊ नका. २०१९ पासून न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स लागू आहेत. जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस) म्हणजे चाचण्या कशा चालवायच्या याची आंतरराष्ट्रीय नियमावली; तिची ई-सिक्स आर-थ्री ही आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये अंतिम झाली, तिचा उल्लेख आहे का तेही बघा. मग विचारा: प्रत्यक्ष साइटवर (चाचणी चालते त्या ठिकाणी) किती आठवडे, कोणत्या रुग्णालयात, कोणाच्या हाताखाली? उत्तर 'व्हर्च्युअल इंटर्नशिप' असं आलं तर ते प्रमाणपत्र नोकरीच्या मुलाखतीत फारसं कामाला येत नाही. प्लेसमेंटचं आश्वासन लेखी मागितलं की बहुतेक वेळा आवाज बदलतो.

तोवर फुकटातलं आटपून घ्या. अमेरिकेच्या एनआयडीए (व्यसनांवर संशोधन करणारी सरकारी संस्था) क्लिनिकल ट्रायल्स नेटवर्कचा जीसीपी कोर्स साधारण सहा तासांचा आहे आणि प्रमाणपत्र मिळतं. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद; तिच्या चेन्नईच्या एनआयई (राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था) या संस्थेचे आरोग्य संशोधनाचे व्हिडिओ एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावर आहेत. बघायला पैसे नाहीत, परीक्षा द्यायची तर फी. अमेरिकन कोर्समध्ये आपला कायदा नाही, म्हणून २०१९ च्या नियमांचं तिसरं शेड्यूल आणि आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वेगळी वाचा. इतकं वाचूनही विषय कंटाळवाणा वाटला तर डिप्लोम्याची फी वाचली.

आता कामाबद्दल. साइटवरची नोकरी म्हणजे सीआरसी (क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर), चाचणीचं रोजचं कामकाज बघणारा माणूस. तिथे सगळ्यात जास्त चुका संमतीपत्रात होतात. रक्त आधी काढलं आणि सही नंतर घेतली, हा नेहमीचा प्रकार. म्हणून सहीची तारीखच नव्हे, वेळही केस पेपरवर लिहायची आणि ती पहिल्या तपासणीच्या आधीची असायला हवी. तारीख सहभागीने स्वतःच्या हाताने घालायची. सिस्टरने सगळ्यांच्या तारखा एकाच पेनाने घातल्या की मॉनिटर (चाचणी करवणाऱ्या कंपनीचा, म्हणजे प्रायोजकाचा, तपासनीस) पहिला तोच कागद उचलतो. वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार लागतो, आणि तो अभ्यासाच्या टीममधला चालत नाही. वॉर्डबॉयला उभं करणं ही पळवाट पुढे महागात पडते.

आपल्या देशातल्या संमतीपत्रात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसदाराचं नाव-पत्ता-नातं असे रकाने असतात. नुकसानभरपाईच्या वेळी तेच उपयोगी पडतात, आणि घाईत नेमके तेच रिकामे राहतात. पूर्णपणे नव्या रेणूच्या चाचणीत असुरक्षित गटातल्या सहभागींच्या संमतीचं दृकश्राव्य चित्रीकरण सक्तीचं आहे. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाजाचं. सही झालेली प्रत सहभागीच्या हातात द्यायची आणि दिल्याची नोंद ठेवायची.

भाषेचंही बघा. मंजूर झालेलं मराठी पत्रक पुस्तकी असतं. तांड्यावरच्या किंवा देगलूरकडच्या तेलुगू बोलणाऱ्या माणसाला ते वाचून दाखवलं म्हणजे समजलं असं होत नाही. 'औषध कोणतं मिळणार हे कोण ठरवणार?' आणि 'मधेच सोडलं तर उपचार बंद होतील का?' हे दोन प्रश्न त्यालाच विचारा. उत्तर चुकलं तर परत समजावून सांगा.

पुढची अडचण खास आपल्याकडची. २४ आठवड्यांच्या अभ्यासात ऑगस्टमध्ये घेतलेला बीड-धाराशिवचा रुग्ण दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यावर असतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. प्रत्येक भेटीला समजा तीन दिवस मागेपुढे चालतात. तो तीन महिने येत नाही. स्क्रीनिंगलाच विचारा, मुकादमाकडून उचल घेतली आहे का? घेतली असेल तर अशा माणसाला सरळ वगळू नका, नाहीतर नमुना एकांगी होतो. शक्य असेल तर भरतीच एप्रिलच्या सुमारास सुरू करायला सांगा. ही गोष्ट प्रायोजकाच्या फीजिबिलिटी फॉर्ममध्ये (साइटवर चाचणी जमेल का हे विचारणारा फॉर्म) लिहिणारा कोऑर्डिनेटर दुर्मिळ असतो, आणि लक्षात राहतो.

गंभीर प्रतिकूल घटना, म्हणजे एसएई, संशोधकाने २४ तासांत केंद्रीय परवाना अधिकारी, प्रायोजक आणि एथिक्स कमिटी या तिघांना कळवायची. कारणमीमांसेसह अहवाल १४ दिवसांत. भरती व्हावं लागणं हेसुद्धा गंभीर, जीव धोक्यात असो वा नसो. गोची अशी होते की रुग्ण गेवराईच्या खाजगी दवाखान्यात दोन दिवस राहून येतो आणि पुढच्या भेटीत सहज सांगतो. उपाय साधा: खिशात ठेवायचं कार्ड, घरातल्या एकाचा नंबर, दर आठवड्याला फोन. डिस्चार्ज कार्डाचा फोटो त्याच दिवशी मागवा.

फार्मासिस्टने औषधाच्या हिशोबावर पकड बसवावी. ६० गोळ्या दिल्या, दिवसाला दोनप्रमाणे २८ दिवसांत ५६ लागायच्या होत्या, १० परत आल्या. म्हणजे ५० घेतल्या, पालन ८९ टक्के. रिकामी पाकिटं परत घेतलीच नाहीत तर हा आकडा फक्त रुग्णाच्या शब्दावर उभा राहतो. साठवणूक १५ ते २५ अंशांत असेल तर मे महिन्यात शनिवारी दुपारी बंद केलेला एसी सोमवारपर्यंत सगळा साठा संशयास्पद करून ठेवतो. असा साठा फेकायचा नाही आणि वाटायचाही नाही. वेगळा ठेवून डेटा लॉगरची (तापमान टिपणाऱ्या यंत्राची) नोंद प्रायोजकाला पाठवायची आणि लेखी उत्तराची वाट बघायची. नोंदीत खाडाखोड नको, व्हाइटनर तर मुळीच नको: एक आडवी रेघ, सही, तारीख.

संख्याशास्त्राला घाबरून बरेच जण तो भाग सोडतात, आणि डिप्लोमेही तिथेच पातळ असतात. निदान नमुना किती लागतो हे हाताने काढता यायला हवं. जुन्या उपचाराने ३० टक्के बरे होतात, नव्याने ५० टक्के होतील अशी अपेक्षा. पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) ८० टक्के, अल्फा (फरक नसताना तो आहे असं दिसण्याची शक्यता) ५ टक्के. या दोन्हींवरून ७.८४ हा आकडा येतो. ७.८४ × (०.५×०.५ + ०.३×०.७) ÷ ०.२² = ९०.१६, म्हणजे प्रत्येक गटात ९१. दहा टक्के गळती धरली तर ९१ ला ०.९ ने भागायचं, १०२. अनेक जण ९१ मध्ये दहा टक्के मिळवतात. ते कमी पडतं. आणि फरक २० ऐवजी १० टक्क्यांचा, म्हणजे ५० विरुद्ध ४० असा धरला तर गटाला ३८५ लागतात. कॉलेजच्या प्रबंधांत 'प्रत्येकी ३०' का पुरत नाहीत, ते इथे कळतं.

वाचायला घरचंच उदाहरण घ्या. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची क्लस्टर चाचणी झाली. ५२ गावसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिला, चार गट. निकाल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. बाईबाईला चिठ्ठी न टाकता गावंच्या गावं का वाटली, आणि एका गटाची तपासणीच न करणं योग्य होतं का, यावर तिघांनी बसून भांडा. त्या वादात पद्धती आणि नैतिकता दोन्ही शिकून होतात.

कोणी काय करावं? नर्सिंगवाल्या ताईंना सीआरसीचं काम सगळ्यात लवकर जमेल, डिप्लोमा नंतर घेतला तरी चालेल. बी.फार्म.ला औषधसुरक्षा आणि डेटा मॅनेजमेंटकडे वाट आहे; त्या नोकऱ्या मुख्यतः पुणे-मुंबई-हैदराबादच्या, घर सोडायची तयारी ठेवा. बीएएमएस डॉक्टरांनी अ‍ॅलोपॅथीच्या नव्या औषधाचे प्रमुख संशोधक व्हायची आशा धरू नये, तिथे सहसा त्या विषयाचे एमडी असतात. आयुर्वेदाच्या चाचण्यांसाठी आयुष विभागाची २०१३ ची वेगळी जीसीपी आहे, तिथे मात्र त्यांचं ज्ञान खरं उपयोगी. सीटीआरआयवर (देशातल्या चाचण्यांची सरकारी ऑनलाइन नोंदवही) नोंदणी पहिला सहभागी घेण्याआधीच करायची. १ एप्रिल २०१८ पासून नंतरची नोंदणी घेतच नाहीत.

या आठवड्यात एवढं करा: सीटीआरआयच्या संकेतस्थळावर छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर अशी शहरं टाकून चालू चाचण्या शोधा, साइटची नावं उतरवून घ्या, आणि तिथल्या संशोधकाला भेटून सहा महिने अर्धवेळ कागदपत्रांचं काम मिळेल का ते विचारा. मानधन किरकोळच असेल. पण त्यानंतर पुण्याच्या संस्थेला काय विचारायचं ते तुम्हालाच माहीत असेल.