वाचकांचे प्रश्न : बिटाचा गुलाबी, हळदीचा तांबडा

गणपतीपासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत आलेली बरीचशी पत्रे एकाच अडचणीची आहेत. पालेभाज्या, कंद आणि फुले यांपासून घरी काढलेला रंग वाटीत सुरेख दिसतो आणि पदार्थात गेल्यावर भलताच होतो, अशी ती तक्रार आहे. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न (सांगली) : पाकातल्या चिरोट्यांचा एक पदर मी दरवर्षी बाजारच्या गुलाबी रंगाने रंगवत असे. यंदा पाण्याऐवजी बिटाच्या रसात मैदा भिजवला. लाटताना पोळी अगदी राणी रंगाची होती, तळल्यावर मात्र तो पदर विटकरी झाला. पालकाच्या हिरव्या पदराचीही तीच गत. मग बिटाच्या आणि पालकाच्या पुऱ्यांचा रंग कसा टिकतो?

उत्तर : पुरी आणि चिरोटा यांतला फरक वेळेचा आहे. पुरी कडकडीत तेलात अर्ध्या-पाऊण मिनिटात फुगून बाहेर येते. तिच्या आत ओलावा शिल्लक असतो, आणि ओलावा आहे तोवर पिठाचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे पुढे जात नाही. चिरोटा मात्र मंद आचेवर, झाऱ्याने तूप उडवत, पदर सुटेपर्यंत सावकाश तळावा लागतो. तो खुसखुशीत होतो याचाच अर्थ त्यातले पाणी संपलेले असते, आणि पाणी संपले की तापमान वर चढते. बिटाला रंग देणारे बेटानिन हे द्रव्य अशा उष्णतेत मोडते आणि उरतो तो भाजलेल्या मैद्याचा तपकिरीपणा. पालकाच्या हरितद्रव्यात मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. उष्णतेने, आणि आंबटपणा असल्यास अधिकच लवकर, तो सुटतो आणि हिरवा रंग शेवाळी होतो.

तेव्हा गुलाबी रंग तळणीत नेऊच नये, पाकात आणावा. मध्यम आकाराचे एक बीट किसून, त्यावर चमचाभर लिंबाचा रस शिंपडून दहा मिनिटे ठेवावे आणि मलमलच्या फडक्यातून पिळून घ्यावे. किंचित आंबट माध्यमात बेटानिन अधिक टिकते. शिवाय पाकात साखर पुन्हा खडे धरू नये म्हणून आपण लिंबू पिळतोच. पाक तयार झाला की गॅस बंद करावा, तो कोमट झाल्यावर दोन-तीन चमचे रस ढवळावा आणि पांढरे चिरोटे त्यात बुडवून काढावेत. रंग पदरांच्या कडांवर उतरतो आणि, माझ्या मते, संपूर्ण गुलाबी पदरापेक्षा देखणा दिसतो. रस आटवून दाट करण्याचा मोह टाळावा, कारण आटवणे म्हणजे तळण्याचाच धिमा प्रकार आहे.

पदरच रंगीत हवा असेल तर तुपात विरघळणारा रंग शोधावा लागतो. शेंदरीच्या बियांवरील तांबडा थर तसा आहे. लोणी आणि चीज यांना पिवळसर छटा देण्यासाठी तो जगभर वापरला जातो. चार मोठे चमचे कोमट तुपात एक लहान चमचा बिया अगदी मंद आचेवर तीन-चार मिनिटे ठेवाव्यात, धूर येऊ देऊ नये, मग गाळून त्याच तुपाचा साठा फेसावा. पदर केशरी येतो, गुलाबी नव्हे. मात्र तुपात विरघळणारा रंग तळणीच्या तुपातही थोडा उतरणारच, म्हणून पांढरे चिरोटे आधी तळून घ्यावेत.

प्रश्न (ठाणे) : गोकर्णाच्या फुलांच्या पाण्याने श्रीखंड निळे करायचे होते, ते जांभळट झाले. निळा रंग परत आणण्यासाठी चिमूटभर खायचा सोडा घातला, तर वास आणि चव दोन्ही बिघडली. फुले कमी दर्जाची असतील का?

उत्तर : फुलांचा दोष नाही, आणि सोड्याने बिघडलेल्या चक्क्याला इलाज नाही. गोकर्ण, जांभूळ, कोकम आणि जांभळा कोबी यांचे रंग अँथोसायनिन नावाच्या एकाच कुळातले आहेत, आणि या कुळाचा स्वभाव असा की ते आंबट पदार्थात तांबड्याकडे झुकतात, आंबटपणा गेला की निळ्याकडे आणि अल्कलीत हिरव्याकडे जातात. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळून बघावे. दोन थेंबांत ते जांभळे होते. चक्का आंबटच असतो, त्यामुळे शुद्ध निळे श्रीखंड या फुलापासून मिळणे कठीण आहे. जांभळी छटा मान्य असेल तर तेच श्रीखंड पानात उत्तम दिसते.

निळाच हवा असेल तर आंबट नसलेला पदार्थ निवडावा : नारळाच्या वड्या, तांदळाची खीर, मोदकाची उकड. मलेशियातील नासी केराबू हा भात याच फुलाने निळा करतात. दहा-बारा सुकलेल्या फुलांचे हिरवे देठ काढून त्यांवर अर्धी वाटी कढत पाणी ओतावे आणि पंधरा मिनिटांनी गाळावे. उकडीसाठी मोजलेल्या पाण्यातच हे पाणी धरावे, नाहीतर उकड सैल होते.

याच स्वभावामुळे सोलकढीचाही रंग फिका पडतो, असे मालवणहून एका वाचकाने विचारले आहे, त्यांनाही येथेच उत्तर देतो. आमसुलाचा अर्क एकटा असतो तेव्हा लालभडक दिसतो. नारळाचे दूध जवळजवळ आंबट नसल्याने आणि पांढरे असल्याने तो रंग निवळून फिकट जांभळा होतो. आमसुले कोमट पाण्यात तासभर भिजवून चांगली कुस्करावीत आणि दूध पहिले, दाट असे, पण बेताचे घ्यावे. भांडे स्टीलचे किंवा काचेचे असावे. लोखंडाचा अंश उतरला की हे रंग काळपट पडतात आणि ॲल्युमिनियम आंबटाला चालत नाही. काही ठिकाणी सोलकढीत बिटाचा रस घालतात. त्यात अपाय काहीच नाही, परंतु बिटाचा मातकट वास कोकमाच्या वासावर बसतो आणि ती मला तरी सोलकढी वाटत नाही.

प्रश्न (नागपूर) : ढोकळ्यात फक्त हळद घालते, तरी कधी कधी त्यावर कुंकवासारखे तांबडे ठिपके येतात. हळदीत भेसळ आहे का?

उत्तर : एवढ्यावरून हळदीवर संशय घेऊ नये. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच तांबडा होतो, हे आपण पाहिलेच असेल. हळदीतील कुरकुमिन अल्कलीत तांबडे होते, आणि हळदीला चुन्याची जोड देऊन पारंपरिक कुंकू करतात ते याच गुणावर. पिठात सोड्याची गुठळी राहिली की तिच्याभोवतीची हळद तेवढी तांबडी होते. सोडा चाळून, चमचाभर पाण्यात पूर्ण विरघळवून घालावा, पिठात दही किंवा लिंबू पुरेसे असावे आणि हळद पाव लहान चमच्याहून अधिक नसावी. हळदीचा पिवळा उष्णतेला चांगला टिकतो, उन्हाला मात्र नाही. म्हणून हळद घातलेल्या कुरडया आणि पापड्या गच्चीवर वाळवताना फिक्या पडतात. त्यांवर पातळ धोतर अंथरावे.

प्रश्न (नाशिक) : असे रंग करून ठेवता येतात का? संक्रांतीच्या हलव्यासाठी हवे आहेत.

उत्तर : ताजा रस फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवू नये, त्यात टिकाऊपणासाठी काहीच घातलेले नसते. बर्फाच्या साच्यात गोठवल्यास तो दोन महिने सहज वापरता येतो. हलव्यासाठी मात्र पूड बरी. बिटाच्या पातळ चकत्या सावलीत, नंतर ५० ते ६० अंशांच्या ओव्हनमध्ये, मोडताना कट्कन आवाज येईपर्यंत वाळवाव्यात. नुसत्या वाकत असतील तर पाणी शिल्लक आहे आणि पुडीला बुरशी येईल. दळून वस्त्रगाळ करून काचेच्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात ठेवावी. हलव्याला काटा येईपर्यंत पाक पांढराच द्यावा आणि रंगीत पाक शेवटच्या दोन-तीन वेळांपुरता ठेवावा, म्हणजे रंगाला परातीची धग कमी लागते.

प्रश्न (पुणे) : बाजारातील खाद्यरंग म्हणजे विषच, असे समजावे का?

उत्तर : नाही. भारतात आठ कृत्रिम खाद्यरंगांना परवानगी आहे आणि बहुतेक पदार्थांत त्यांची कमाल मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम आहे. खरी भीती आहे ती परवानगी नसलेल्या रंगांची. मेटॅनिल यलो आणि ऱ्होडामाइन बी हे त्यांतले दोन नेहमी सापडणारे; २०२४ मध्ये तमिळनाडू आणि कर्नाटक सरकारांनी म्हातारीच्या केसांवर कारवाई केली ती ऱ्होडामाइन बीमुळेच. दुसरीकडे, वनस्पतीचा रंग म्हणून तो आपोआप खाण्याजोगा ठरत नाही. हार-फुलांच्या दुकानातील गुलाब आणि झेंडू यांवर कीटकनाशके मारलेली असू शकतात, ती पदार्थात घालू नयेत.

प्रश्न (कोल्हापूर) : बिटाची गुलाबी इडली खाल्ल्यावर मुलाला लालसर लघवी झाली. घाबरण्यासारखे आहे का?

उत्तर : काही जणांच्या शरीरात बिटाचा रंग न मोडता तसाच बाहेर पडतो. एक-दोन दिवस बीट बंद ठेवून पाहावे; त्यानंतरही रंग तसाच असेल तर तो बिटाचा नव्हे, तेव्हा लगेच डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न (रत्नागिरी) : आमच्या कुंपणावर मायाळूचा वेल आहे. लहानपणी त्याच्या पिकल्या काळ्या फळांची आम्ही शाई करत असू. ती फळे खाद्यरंगाला चालतील का?

उत्तर : चालतील, आणि बिटापेक्षा मला तीच अधिक आवडतात, कारण त्यांना मातकट वास नाही. रंग बिटाच्याच कुळातला आहे. लाल माठाने भात गुलाबी होतो तोही त्याच कुळातला. पूर्ण पिकलेली वाटीभर फळे धुऊन, थोडे पाणी व लिंबाचे चार थेंब घालून हातानेच चुरडावीत आणि बिया वगळून रस गाळावा. मिक्सर लावू नये, बिया भरडल्या जातात. हा रस दह्याच्या कोशिंबिरीत, नारळाच्या वडीच्या मिश्रणात ते गॅसवरून उतरवल्यावर, किंवा आइस्क्रीममध्ये घालावा. कढत पदार्थाला तो बिटाइतकाच नाजूक आहे. हाताला लागलेला जांभळा रंग एक-दोन दिवसांत जातो, अंगातल्या पांढऱ्या सदऱ्याची मात्र खात्री देता येत नाही.